ग्रुपवरचा निरोप आणि वहीतली नोंद

सोसायट्यांची कामे घेणाऱ्या कारागिरांनी व दुकानदारांनी ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

गृहनिर्माण सोसायटीने आपल्या सभासदांना निरोप कसा द्यावा, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर की स्वतःच्या संकेतस्थळावर, हा प्रश्न वरवर पाहता सोसायटीच्या सेक्रेटरीचा आहे. व्यापाराच्या पानावर त्याचे काय काम, असे कोणालाही वाटेल. परंतु लोणावळा आणि मावळ परिसरात फिरून पाहिले म्हणजे हा प्रश्न आपल्या रोजीशी किती जोडलेला आहे ते कळते. प्लंबर, वायरमन, रंगारी, फॅब्रिकेशनवाले, वॉटरप्रूफिंगवाले, सुतार, पॉलिशवाले, फरशी बसवणारे, हार्डवेअरचे दुकानदार, भंगारवाले अशा कितीतरी लोकांची चूल येथील बंगल्यांच्या आणि इमारतींच्या सोसायट्यांवर पेटते. काम मिळते ते सोसायटीच्या निर्णयाने आणि बिल निघते तेही सोसायटीच्या निर्णयाने. तो निर्णय कुठे लिहिला जातो, कोणाला दिसतो आणि सहा महिन्यांनी सापडतो की नाही, यावर कारागिराचा पैसा अवलंबून आहे. म्हणून आम्ही हा विषय येथे घेतला आहे.

लोणावळ्याची गोष्ट निराळी का?

भोर घाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली आणि मुंबईच्या धनिकांना लोणावळा-खंडाळ्याची हवा जवळ आली. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि ही वाट आणखी सोपी झाली. तुंगार्ली, वलवण, भांगरवाडी, रायवूड, खंडाळा आणि पुढे कार्ले-मळवलीपर्यंत बंगले, रो-हाउस आणि फ्लॅट उभे राहिले. त्यांतील कित्येक घरांचे मालक येथे राहत नाहीत. ते मुंबईत, पुण्यात, काही तर परदेशात राहतात आणि शनिवार-रविवारी, सुट्टीत किंवा वर्षातून चार वेळा येतात. मधल्या काळात घरी असतो तो वॉचमन, माळी किंवा मॅनेजर.

मुंबईच्या चाळीत किंवा पुण्याच्या वाड्यात सेक्रेटरी जिन्यात भेटतो. येथे तो फोनवरच भेटतो. जिन्याखालचा काळा फळा सोसायटीत असतो, पण वाचणारा सभासद शंभर किलोमीटरवर असतो. त्यामुळे येथील सोसायट्यांचा सारा कारभार मोबाईलच्या ग्रुपवर गेला तर त्यात आश्चर्य नाही.

दुसरी गोष्ट पावसाची. लोणावळ्याला वर्षाकाठी साधारणपणे चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत जे दोन-अडीच महिने मिळतात, त्यांतच गच्चीचे वॉटरप्रूफिंग, पत्रे, पन्हाळी, गटारे, कुंपणाची भिंत, मीटरच्या पेटीवरचे छप्पर ही सारी कामे उरकावी लागतात. एकदा पाऊस लागला की चार महिने फक्त गळतीच्या तक्रारी. दसऱ्यानंतर रंगकाम आणि पॉलिश सुरू होते ते नाताळच्या गर्दीपर्यंत. अशा ठिकाणी निर्णय पंधरा दिवस लांबला तर कारागिराचा हंगाम जातो. निर्णय घाईत झाला आणि त्याची नोंद राहिली नाही तर त्याचे पैसे जातात. दोन्हीकडून मार त्यालाच.

ग्रुपचे गुण

ग्रुपला नावे ठेवण्याआधी त्याचे गुण मान्य केले पाहिजेत. व्हॉट्सॲप २००९ साली निघाले आणि दहा-बारा वर्षांत ते घराघरात गेले. त्यासाठी वेगळे काही शिकावे लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. टाकीचे पाणी संपले, डीपी जळाली, झाड पडून रस्ता बंद झाला, उद्या बारा वाजता टँकर येणार आहे, असा निरोप एका मिनिटात सगळ्यांना पोहोचतो. गळतीचा फोटो काढून पाठवला की मुंबईतल्या मालकाला पाहता येतो. कारागिरालाही चक्कर वाचते. २०२२ च्या नोव्हेंबरपासून ग्रुपमध्ये मतदान घेण्याची सोय झाली, आणि आज एका ग्रुपमध्ये १,०२४ माणसे राहू शकतात. कोणत्याही सोसायटीला एवढी जागा पुरेशी आहे.

पावसाळ्यात तर ग्रुपचे मोल अधिकच. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याहून आलेल्या एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर प्रशासनाने पर्यटनस्थळांवर निर्बंध घातले. अशा बंदीची, पुराची किंवा घाट बंद झाल्याची खबर मालकांना आणि त्यांच्या पाहुण्यांना लगेच मिळाली पाहिजे. तेथे संकेतस्थळ कोण उघडून बघणार? तातडीच्या निरोपाला ग्रुपच हवा.

थोडक्यात, ग्रुप ही गावातली दवंडी आहे. दवंडी ऐकून लोक जमतात, परंतु दवंडीवर कोणी जमीन खरेदी करीत नाही.

ग्रुप कुठे कमी पडतो?

पहिली अडचण अशी की ग्रुपवरची गोष्ट वाहून जाते. सकाळी गच्चीच्या कामाची चर्चा, दुपारी कोणाच्या नातवाचा वाढदिवस, संध्याकाळी कुत्र्यांवरून भांडण, रात्री सुविचार. पंधरा दिवसांनी “गच्चीचा कोणता दर मंजूर झाला होता?” असे विचारले तर शोधता शोधता अंगठा दुखतो. जो सभासद नंतर ग्रुपमध्ये आला त्याला आधीचा सारा मजकूर दिसत नाही. ज्याचा मोबाईल हरवला किंवा बदलला त्याच्याकडूनही बरेच गेलेले असते.

दुसरी अडचण, लिहिलेले पुसता येते. पाठवलेला मजकूर सर्वांच्या मोबाईलमधून काढून टाकण्याची सोय २०१७ पासून आहे. ठराविक मुदतीने मजकूर आपोआप नाहीसा व्हावा अशी सोय २०२० साली आली आणि पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटांपर्यंत बदलण्याची सोय २०२३ साली आली. खासगी बोलण्यासाठी या सोयी चांगल्या असतील, परंतु हिशेबाच्या कामाला त्या घातक आहेत. ज्या वहीतली पाने आपोआप गळून पडतात ती वही कोणता दुकानदार गल्ल्यावर ठेवील?

तिसरी अडचण, अंगठा दाखवणे म्हणजे ठराव नव्हे. साठ सभासदांच्या ग्रुपमध्ये सात जणांनी अंगठा दाखवला, बाकीचे गप्प राहिले, आणि सेक्रेटरींनी कारागिराला “सगळ्यांची मंजुरी आहे, चालू करा” असे सांगितले. पुढे बिल आले की गप्प बसलेल्यांपैकी एखादा विचारतो, “आम्ही केव्हा हो म्हटले?” त्याच्या प्रश्नाला कायद्याने वजन आहे, हे पुढे सांगू.

चौथी अडचण, ही सेवा दुसऱ्याच्या हातात आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद पडले. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, भारतात व्हॉट्सॲप सुमारे दोन तास बंद होते. दोन-चार तास निरोप अडला तर जग बुडत नाही. परंतु ज्या सोसायटीचा सारा कागदोपत्री व्यवहार तेथेच आहे, तिची तिजोरी दुसऱ्याच्या घरात आहे असे म्हणावे लागेल.

फेसबुकचे पान किंवा इन्स्टाग्राम यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. बंगला भाड्याने देणारे एजंट त्यांचा वापर जाहिरातीसाठी करतात आणि तो त्यांचा धंदा आहे. सोसायटीच्या अंतर्गत गोष्टी अशा चव्हाट्यावर मांडणे मात्र धोक्याचे. कोणता बंगला किती दिवस रिकामा आहे आणि किल्ली कोणाकडे आहे, ही माहिती चोराच्या उपयोगाची असते.

संकेतस्थळ म्हणजे सोसायटीची वही

आता दुसरी बाजू पाहू. संकेतस्थळ हा शब्द ऐकून पुष्कळांना मोठ्या कंपनीची आठवण होते. वास्तविक आपण सर्व जण संकेतस्थळाचा उपयोग करतोच. सातबाराचा उतारा पाहायचा असेल तर आपण शासनाच्या भूलेख संकेतस्थळावर जातो, कोणत्या ग्रुपवर विचारीत बसत नाही. नव्या इमारतीत गाळा घ्यायचा असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घालून बिल्डरची माहिती पाहतो. महारेराचे काम १ मे २०१७ पासून सुरू आहे. या दोन्ही ठिकाणी माहिती एका ठराविक जागी असते, आज पाहिली तरी सापडते आणि सहा महिन्यांनी पाहिली तरी सापडते. हाच संकेतस्थळाचा खरा गुण आहे.

सोसायटीच्या संकेतस्थळावर पाच-सहा पाने असली तरी पुरे. सभांच्या सूचना, मंजूर झालेली इतिवृत्ते, उपविधी, वर्षाचा हिशेब, मागवलेली दरपत्रके आणि दिलेली कामे, तसेच तक्रार नोंदवण्याचा नमुना एवढे त्यावर असावे. जी पाने सभासदांपुरती आहेत त्यांना पासवर्ड लावता येतो. अमेरिकेत घरमालकांच्या अशा संघटना फार आहेत. तेथील फ्लोरिडा राज्याने २०२४ साली कायदा करून शंभर किंवा अधिक घरांच्या संघटनांना १ जानेवारी २०२५ पर्यंत आपली नियमावली, अंदाजपत्रक, करार आणि सभांच्या सूचना संकेतस्थळावर ठेवणे बंधनकारक केले. फ्लॅटच्या मोठ्या संघटनांना तेथे हा नियम २०१९ पासूनच लागू होता. सभासद आणि ठेकेदार यांना एकाच ठिकाणी तोच कागद दिसावा, यासाठी हा खटाटोप.

परंतु संकेतस्थळाचेही दोष आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. रोज उठून सोसायटीचे संकेतस्थळ कोणी पाहत नाही. त्याचे नाव म्हणजे डोमेन वर्षाच्या वर्षाला पैसे भरून चालू ठेवावे लागते. पुष्कळदा ते एखाद्या उत्साही सभासदाच्या स्वतःच्या नावावर घेतलेले असते. समितीत बेबनाव झाला, तो बाहेर पडला, की पासवर्डही त्याच्याबरोबर गेला. काही ठिकाणी उद्घाटनाच्या दिवशी टाकलेली माहिती तीन वर्षे तशीच पडून राहते. असे शिळे संकेतस्थळ नसलेल्यापेक्षा वाईट, कारण त्यावर जुन्या सेक्रेटरीचा नंबर असतो आणि दुकानदार त्यालाच बिल पाठवीत बसतो.

या दोहोंच्या मध्ये तिसरा मार्ग निघाला आहे. बंगळूरच्या मायगेट, अड्डा यांसारख्या कंपन्यांची सोसायटीसाठीची ॲप मोठ्या संकुलांत वापरली जातात. त्यांत फाटकावरची नोंद, देखभाल वर्गणी आणि तक्रार एका ठिकाणी येते. मोठ्या संकुलाला ती सोयीची, वीस बंगल्यांच्या सोसायटीला मात्र तिचा खर्च आणि गरज दोन्ही तपासून पाहावे लागेल.

कायद्याच्या नजरेने

महाराष्ट्रात नोंदलेल्या सोसायट्या १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली चालतात. २०१९ साली या कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले. वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. नमुना उपविधींप्रमाणे त्या सभेची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी आणि विशेष सभेची पूर्ण पाच दिवस आधी द्यावी लागते. दुरुस्तीवर समितीला आपल्या अधिकारात किती खर्च करता येतो, याचीही मर्यादा उपविधींत घातलेली असते. त्यापुढच्या खर्चाला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. कारागिरांनी ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. मर्यादेबाहेरच्या कामाला ग्रुपवरचे “चालू करा” पुरत नाही.

मग मोबाईलवरच्या मजकुराला काहीच किंमत नाही का? तसेही नाही. जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचे एक प्रकरण आले होते. त्यात प्रतिवादीला नोटीस व्हॉट्सॲपवर पीडीएफ करून पाठवली होती. ती पोहोचली आणि उघडलीही गेली, हे खुणांवरून दिसत असल्याने न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ती बजावली गेल्याचे मानले. पण तेथे एका विशिष्ट व्यक्तीला, तिच्या नंबरवर, पूर्ण कागद पाठवलेला होता, हे ध्यानात घ्या. ग्रुपच्या गर्दीत टाकलेला एक ओळीचा निरोप आणि हा कागद सारखे नाहीत.

दुसरा मुद्दा पुराव्याचा. जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निकाल दिला. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून हजर करायची तर कायद्यात सांगितलेले प्रमाणपत्र हवे, असे त्यात स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला आहे आणि त्याच्या कलम ६३ मध्ये अशा प्रमाणपत्राची तरतूद आहे. तात्पर्य असे की नुसता स्क्रीनशॉट दाखवून काम भागेल या भरवशावर कोणी राहू नये.

ग्रुप चालवणाऱ्यांसाठीही एक निकाल आहे. सभासदाने ग्रुपवर टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल ग्रुपच्या ॲडमिनला केवळ तो ॲडमिन आहे म्हणून गुन्हेगार धरता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली म्हटले. दोघांचा मिळून तसा इरादा होता असे दिसले पाहिजे. पण लिहिणाऱ्याची जबाबदारी या निकालाने संपत नाही. जो दुसऱ्याची बदनामी लिहितो तो स्वतः त्याचा जबाब देईल.

ज्याच्याविषयी चर्चा, तोच बाहेर

आता या विषयाचा गाभा. सोसायटीच्या ग्रुपमध्ये सभासद असतात, कारागीर नसतो. समजा, एका रंगाऱ्याने बाहेरील भिंतींचे काम दिवाळीआधी पुरे केले. जानेवारीत एका सभासदाला भिंतीवर पापुद्रे दिसले. त्याने फोटो ग्रुपवर टाकला आणि लिहिले की रंग हलका वापरला. दुसऱ्याने त्यात भर घातली. तिसऱ्याने लिहिले की शेवटचा हप्ता देऊ नका. रात्री नऊपासून दहापर्यंत निकाल लागला. पापुद्रे कशाने आले, आतून पाइप गळतो आहे का, भिंत वाळण्याआधी रंग द्या असा आग्रह कोणी धरला होता, हे सांगायला रंगारी तेथे नाही. त्याला दुसऱ्या दिवशी वॉचमन सांगतो, “तुमचे पैसे थांबवलेत.”

त्यातच लोणावळा हे लहान गाव आहे. एका ग्रुपचा फोटो दुसऱ्या सोसायटीच्या ग्रुपवर जायला वेळ लागत नाही. वीस वर्षे मेहनतीने कमावलेले नाव एका रात्रीत खराब होते आणि ज्याचे नाव गेले त्याला कारणही कळत नाही. आम्ही सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना नम्रपणे सांगू इच्छितो की कामाबद्दलची तक्रार ही कारागिराला पाठवायची गोष्ट आहे. तक्रारीचा एक नमुना संकेतस्थळावर किंवा साध्या कागदावर ठेवा. तारीख, जागा, फोटो आणि तक्रार लिहून ती कारागिराला द्या, त्याचे उत्तर त्याच कागदावर घ्या आणि मग समितीत निर्णय करा. यात कारागिराचे भले आहेच, सोसायटीचेही आहे. उद्या वाद निबंधकांकडे किंवा न्यायालयात गेला तर समितीच्या हातात कागद असेल.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. काही कारागीर आगाऊ रक्कम घेतात आणि फोन उचलत नाहीत. काही जण हमी तोंडी देतात आणि पहिल्या पावसात नाहीसे होतात. लेखी कारभार आला की अशांचीही नोंद राहील, आणि चांगल्या कारागिराला त्यांच्या पंगतीत बसावे लागणार नाही.

काय कुठे लिहावे?

आमच्या मते वाद ग्रुप की संकेतस्थळ असा नाहीच. कामे वाटून दिली की दोन्ही उपयोगी पडतात.

ग्रुपवर: पाणी, वीज, रस्ता, पाऊस, अपघात, टँकर, कारागीर कोणत्या दिवशी येणार याची खबर, आणि संकेतस्थळावर नवा कागद टाकला आहे ही वर्दी. हा ग्रुप फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा ठेवावा. ती सोय २०१८ पासून आहे. गप्पांसाठी दुसरा ग्रुप खुशाल असू द्यावा.

संकेतस्थळावर: सभेची सूचना, विषयपत्रिका, ठराव, इतिवृत्त, दरपत्रके, कामाचा आदेश, हिशेब, तक्रारी व त्यांची उत्तरे. प्रत्येक कागदावर तारीख आणि क्रमांक असावा.

फळ्यावर आणि ई-मेलने किंवा हातोहात: उपविधींप्रमाणे ज्या सूचना द्यायच्या त्या सर्व. मोबाईल आला म्हणून फळा काढू नये. पावसात वीज गेली तरी फळा वाचता येतो, आणि वॉचमन व कारागीर यांना दिसणारी ती एकच जागा असते.

कोठेच जाहीर नाही: सभासदांचे फोन नंबर, आधारची प्रत, किल्ली कोणाकडे, घर केव्हा रिकामे, कोणाची थकबाकी किती. खासगी माहितीच्या रक्षणासाठी केंद्राने २०२३ साली कायदाही केला आहे. वॉचमन व कारागिरांच्या ओळखपत्रांच्या प्रती ग्रुपवर फिरवण्याची खोड पुष्कळ ठिकाणी आहे, ती बंद झाली पाहिजे. गरिबाचे ओळखपत्र हे त्याचे खासगीच असते.

काम घेणाऱ्याने काय करावे?

१. प्रथम समोर कोण आहे ते पाहावे. ती नोंदणीकृत सहकारी संस्था आहे, १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालची मालकांची संघटना आहे, की अजून बिल्डरच्याच ताब्यातली योजना आहे? नोंदणी क्रमांक विचारावा. यात संकोच नको.

२. कोटेशन कागदावर द्यावे. मालाची कंपनी, प्रतवारी, किती थर, किती चौरस फूट, मजुरी, मुदत आणि हमी हे सर्व लिहावे. “नेहमीप्रमाणे” हा शब्द कोटेशनमध्ये कधीही लिहू नये.

३. ठरावाची तारीख असलेला आणि सही-शिक्क्याचा कामाचा आदेश घ्यावा. रक्कम मोठी असेल तर सर्वसाधारण सभेच्या ठरावाची प्रत मागावी.

४. जादा काम निघाले तर ते सुरू करण्याआधी लिहून घ्यावे. भांडणे मूळ कामापेक्षा जादा कामावरूनच अधिक होतात.

५. सेक्रेटरी मुंबईत असतील तर ग्रुपवरील निरोपावर विसंबू नये. सर्व अटी एका पीडीएफमध्ये घालून सोसायटीच्या ई-मेलवर आणि पदाधिकाऱ्याच्या नंबरवर पाठवाव्यात व “मंजूर” असे उत्तर मागून घ्यावे.

६. कामाआधीचे, मधले आणि नंतरचे फोटो तारखेसह स्वतःजवळ ठेवावेत. पावसाआधी पूर्ण झालेल्या कामाची सही त्याच दिवशी वॉचमनकडून नव्हे, पदाधिकाऱ्याकडून घ्यावी. तो येथे नसेल तर ई-मेलने घ्यावी.

७. पैसे सोसायटीच्या खात्यातून घ्यावेत. खजिनदार आपल्या खासगी यूपीआयवरून रक्कम पाठवू लागला तर पावतीवर सोसायटीचे नाव आणि बिलाचा क्रमांक घालावा. टीडीएस कापला असेल तर दाखला मागावा.

८. ज्यांचे स्वतःचे उत्पादन किंवा सेवा आहे अशा लहान उद्योगांनी उद्यम नोंदणी जरूर करावी. सूक्ष्म व लघु उद्योगांची बिले जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती व्हावीत अशी तरतूद २००६ च्या कायद्यात आहे. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराने मात्र या तरतुदीवर भिस्त ठेवू नये. आपल्या बाबतीत ती लागू पडते का, हे सल्लागाराला विचारून घ्यावे.

धंद्याची एक नवी वाट

या विषयात आपल्या तरुणांसाठी कामही आहे. ज्यांची झेरॉक्स, डीटीपी, छपाई किंवा कॉम्प्युटरची दुकाने आहेत, त्यांनी सोसायट्यांची छोटी संकेतस्थळे तयार करण्याचे आणि वर्षभर सांभाळण्याचे काम हाती घ्यावे. मोठे ज्ञान लागत नाही, नियमितपणा लागतो. दर महिन्याला इतिवृत्त आणि हिशेब स्कॅन करून चढवणे, डोमेनच्या मुदतीची आठवण ठेवणे, फाटकावरच्या फळ्याला क्यूआर कोडची पाटी लावून देणे ही कामे मुंबईत राहणाऱ्या सेक्रेटरीला येथे बसलेला माणूसच करू शकतो. एकदा घडी बसली की हे वर्षाच्या वर्षाला मिळणारे उत्पन्न आहे. एक पथ्य मात्र पाळावे. डोमेन आणि पासवर्ड नेहमी सोसायटीच्या नावावर करून द्यावेत. ती अमानत आहे. पैसे थकले म्हणून दुसऱ्याची वही अडवून ठेवणारा माणूस बाजारात टिकत नाही.

कारागिरांनीही आपले एक पान तयार करून घ्यायला हरकत नाही. नाव, पत्ता, कोणती कामे करतो, केलेल्या कामांचे फोटो आणि हमीच्या अटी एवढे पुरे. सोसायटीच्या ग्रुपवर कोणी काही लिहिले तर निदान आपले म्हणणे मांडायला आपली स्वतःची जागा असेल.

जुन्या बाजारपेठांत एक म्हण सर्वांना पाठ असे: आधी लिहावे, मग द्यावे, आणि विसर पडला तर कागद पाहावा. मोबाईलच्या या जमान्यात बोलणे फार सोपे झाले आहे, त्यामुळे लिहिण्याचा कंटाळा वाढला आहे. येत्या पाडव्यानंतर लोणावळ्यात पुन्हा गच्च्यांवर शिड्या लागतील आणि ग्रुपवर “उद्यापासून चालू करा” असे निरोप सुटतील. निरोप आला की आनंदाने जावे, जागा पाहावी, माप घ्यावे. माल उतरवण्याआधी मात्र सोसायटीच्या वहीत आपले नाव, काम आणि रक्कम लिहिली गेली आहे की नाही, ते विचारून घ्यावे.